ब्रिटनचा केअर व्हिसा: दार उघडलं, दार लावलं, मधल्या काळात काय काय हललं

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी ब्रिटनने वृद्ध आणि अपंग माणसांची देखभाल करणाऱ्या कामगारांना व्हिसा देणं सुरू केलं. २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून येणाऱ्यांसाठी हा मार्ग बंद झाला. मधे साडेतीन वर्षंही गेली नाहीत. तरी स्थलांतराचा एखादा नियम बदलला की नोकरी देणारे कसे वागतात, श्रमबाजारात काय होतं आणि लोकांचं मत कुठे वळतं, हे तिन्ही या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं. या व्हिसावर गेलेल्यांमध्ये भारतीयांची संख्या मोठी होती. त्यातल्या अनेकांनी घर गहाण टाकून, दागिने मोडून एजंटचे पैसे भरले. म्हणून हा विषय इथल्या कुटुंबांनाही नीट कळायला हवा.

आधी काम काय ते पाहू. केअर वर्कर म्हणजे नर्स नव्हे. माणसाला अंथरुणातून उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, वेळेवर गोळ्या द्यायच्या, भरवायचं, रात्री पुन्हा झोपवायचं. हे काम दोन प्रकारे चालतं. एक, केअर होममध्ये पाळीने. दुसरं, घरोघरी जाऊन. घरोघरीच्या कामात सकाळी सात ते दहा धावपळ असते, मग दुपारच्या जेवणाची फेरी, संध्याकाळची, रात्री झोपवण्याची. एकेक भेट पंधरा मिनिटांची, अर्ध्या तासाची. मधले रिकामे तास आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ यांचे पैसे पुष्कळ कंपन्या नीट देत नाहीत. शिवाय गाडी चालवता आली पाहिजे, कारण खेडेगावांत बस वेळेवर मिळत नाही.

या कामाचे पैसे कोण देतं, हा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा आजारपण बघते. म्हातारपणातली रोजची देखभाल बहुतांशी तिच्या कक्षेत येत नाही. ज्यांच्याकडे मालमत्ता आहे ते स्वतः खर्च करतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी स्थानिक कौन्सिल खासगी कंपन्यांकडून तासांच्या हिशोबाने सेवा विकत घेते. म्हणजे दर बऱ्याच अंशी कौन्सिल ठरवते, आणि कौन्सिलच्या तिजोरीत खडखडाट असतो. त्यामुळे केअर वर्करचा पगार वर्षानुवर्षं सरकारी किमान वेतनाला चिकटून राहिला आहे. पाच वर्षं काम केलेल्या बाईला नवख्या मुलीपेक्षा तासाला जेमतेम काही पेन्स जास्त मिळतात. तेवढ्याच पगारात सुपरमार्केटमध्ये काम मिळत असेल, तर पाठ मोडणारं आणि मन थकवणारं काम माणूस का करेल?

२०२० पर्यंत ही तूट काही प्रमाणात युरोपीय संघातून येणारे लोक भरून काढत. त्यांना व्हिसा लागत नसे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रिटनला गेलेले गोवेकरही याच वाटेने गेले. स्विंडनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ही मोकळीक संपली आणि गुणांवर आधारलेली व्हिसापद्धत सर्वांना लागू झाली. सत्तर गुण हवेत: परवानाधारक मालकाची नोकरी असेल तर २०, कामाला पुरेसं कौशल्य लागत असेल तर २०, इंग्रजीचे १०, आणि उरलेले २० मुख्यतः पगाराचे. साध्या केअर वर्करचं काम ‘कमी कौशल्याचं’ ठरलं आणि पद्धतीच्या बाहेर राहिलं. त्यात कोविडने दमलेली माणसं काम सोडून जात होती. नोव्हेंबर २०२१ पासून केअर होममध्ये काम करायला लसीची सक्ती झाली, आणखी काही गेली. २०२१-२२ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. म्हणजे दर दहा जागांमागे एकाहून जास्त.

सरकारला स्थलांतराबाबत सल्ला देणाऱ्या समितीने तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. व्हिसाचं दार उघडा, असं डिसेंबर २०२१ मध्ये सुचवलं. एप्रिल २०२२ च्या सविस्तर अहवालात असंही बजावलं की मूळ दुखणं पगाराचं आहे. केअर वर्करांसाठी किमान वेतनाहून वरचा वेगळा दर ठरवा आणि त्याचे पैसे सरकारने द्या. पहिल्या शिफारशीला सरकारचा काही खर्च नव्हता, ती लगेच अमलात आली. दुसरीला पैसे लागणार होते, ती तशीच पडून राहिली. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका निवडीतून आलं, असं आमचं ठाम मत आहे.

मालकाच्या बाजूने

परदेशातून माणूस आणायचा तर मालकाला आधी स्पॉन्सर परवाना काढावा लागतो. एप्रिल २०२५ च्या दराने लहान कंपनीला तो ५७४ पौंडांना आणि मोठीला १,५७९ पौंडांना पडत होता. मग प्रत्येक कामगारासाठी स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र, त्याचे ५२५ पौंड. हे प्रमाणपत्र म्हणजे कागद नव्हे, गृहखात्याच्या संगणकात तयार झालेला एक क्रमांक असतो; तो असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. त्यावर सरकारला भरायचा कौशल्य अधिभार: मोठ्या कंपनीला दर माणशी वर्षाला १,००० पौंड, लहानीला ३६४. डिसेंबर २०२५ पासून हे आकडे १,३२० आणि ४८० झाले. म्हणजे तीन वर्षांसाठी एक माणूस आणणाऱ्या मोठ्या कंपनीचे फक्त सरकारी शुल्कात चार हजारांवर पौंड जातात. कौशल्य अधिभार कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून परवान्याचं आणि प्रमाणपत्राचं शुल्कही त्याच्या माथी मारता येत नाही.

एवढा खर्च करून मालक परदेशी माणूस का आणेल? ‘परदेशी मजूर स्वस्त पडतो म्हणून’ हे सोपं उत्तर कागदावर तरी टिकत नाही. २०२२ मध्ये या व्हिसासाठी किमान पगार वर्षाला २०,४८० पौंड ठरला. आठवड्याला ३९ तास धरले तर तासाला १० पौंड १० पेन्स. त्या वर्षीच्या एप्रिलपासून देशातलं किमान वेतन होतं ९ पौंड ५० पेन्स. एप्रिल २०२५ मध्येही तेच दिसतं: व्हिसावरच्या कामगाराला तासाला किमान १२.८२ पौंड, तर किमान वेतन १२.२१. म्हणजे परदेशी माणूस तासाला महाग होता.

मालकाला हवं होतं ते टिकून राहणं. स्थानिक कामगार दोन महिन्यांत सोडून जातो. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा प्रशिक्षण, मधे एजन्सीकडून दीडपट दराने माणसं आणायची. व्हिसावरचा कामगार सहजी जाऊ शकत नाही, कारण त्याचा देशात राहण्याचा हक्क त्या एका मालकाशी बांधलेला असतो. दुसरीकडे जायचं तर नवा परवानाधारक मालक, नवं प्रमाणपत्र, नवा अर्ज. चांगल्या मालकाच्या हाती ही गोष्ट स्थैर्य देते. वाईट मालकाच्या हाती तीच गोष्ट दोरखंड होते.

कुठे बिघडलं

बिघाड नेमका कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. नवी कंपनी परवान्याच्या अर्जात लिहिते की कौन्सिलकडून आठवड्याला ७८० तासांचं काम मिळणार आहे, त्यासाठी २० माणसं हवीत. प्रमाणपत्रं मिळतात, माणसं येतात. प्रत्यक्षात कंत्राट मिळतं ३०० तासांचं. वीस जणांत वाटले तर प्रत्येकाला १५ तास. ठरलेला आठवड्याचा पगार ३९४ पौंड, हातात येतात १५१. त्यात घरभाडं जाणार, गाडीचा विमा जाणार आणि गावाकडच्या कर्जाचा हप्ताही. उरलेले तास सुपरमार्केटमध्ये काम करून भरून काढावेत तर व्हिसाच्या नियमात ते बसत नाही. सरकारी मदतही या व्हिसावर मिळत नाही.

आता हा कामगार तक्रार करायला जातो. ठरलेला पगार न देणं हा स्पॉन्सरच्या अटींचा भंग आहे, म्हणून गृहखातं मालकाचा परवाना रद्द करतं. शिक्षा योग्यच. पण परवाना गेला की त्यावर आलेल्या सगळ्यांचा व्हिसाही धोक्यात येतो. नवा स्पॉन्सर शोधायला त्यांना साधारण ६० दिवस मिळतात. नाही सापडला तर देश सोडायचा. म्हणजे तक्रार करणाऱ्याची नोकरी तर जातेच, सोबतच्या एकोणीस जणांचीही जाते. लोक गप्प का बसले, याचं उत्तर यात आहे. भित्रेपणाशी त्याचा काही संबंध नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने गेले आणि त्यांच्याशी जोडलेल्या कामगारांची संख्या ३९ हजारांवर होती.

सरकारी तपासणी किती ढिली होती हे मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सीमा आणि स्थलांतराचे माजी स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांच्या अहवालात दिसतं. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ प्रमाणपत्रं मिळाली होती. परवाना घेताना आपल्याकडे चार कर्मचारी आहेत असं सांगणाऱ्या एका कंपनीला १,२३४ मिळाली. परवाना असलेल्या दर १,६०० मालकांमागे तपासनीस एक. प्रमाणपत्र ही अशी विकायची वस्तू झाली आणि खरेदीदार होते नायजेरिया, झिंबाब्वे, भारत इथले कामगार. ज्यांना देखभालीचा एक तासही विकायचा नव्हता अशा कंपन्यांनी व्हिसाच विकले.

श्रमबाजारात

रिकाम्या जागांचं दुखणं या व्हिसाने हलकं केलं, हे मान्यच करावं लागेल. इंग्लंडमध्ये २०२२-२३ ला परदेशातून आलेल्या सुमारे ७० हजार जणांनी हे काम सुरू केलं, पुढच्या वर्षी सुमारे १ लाख ५ हजार जणांनी. रिकाम्या जागा १ लाख ६५ हजारांवरून २०२४-२५ मध्ये १ लाख ११ हजारांवर आल्या. हजारो म्हाताऱ्या माणसांना वेळेवर जेवण आणि औषध मिळालं ते या लोकांमुळे.

दुसरा आकडा मात्र अस्वस्थ करणारा आहे. २०२०-२१ ते २०२३-२४ मध्ये या क्षेत्रात ब्रिटिश नागरिकांनी भरलेल्या जागा सुमारे ७० हजारांनी कमी झाल्या. बाहेरून आलेल्यांनी स्थानिकांना हाकललं, असा अर्थ यावरून काढणं चूक ठरेल. दीड लाख जागा रिकाम्या असताना कोण कोणाला हाकलणार? स्थानिक आपणहून जात होते आणि पगार वाढवून त्यांना थांबवण्याचा दाब व्हिसामुळे मालकांवरून आणि सरकारवरून उतरला. ब्रिटनमधल्या अभ्यासांचा एकूण सूर असा आहे की स्थलांतराचा सरासरी पगारावर परिणाम फार थोडा होतो, आणि जो होतो तो तळाच्या कामांत थोडा उणे, वरच्या कामांत थोडा अधिक. केअरमध्ये प्रश्न सरासरीचा नव्हताच. तिथे दर ठरवणारं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, सरकार. आणि त्याला दर न वाढवता वेळ काढायची सोय मिळाली.

लोकांच्या मनात

२०१५ मध्ये ‘देशापुढचा मोठा प्रश्न कोणता’ या इप्सॉस या मतचाचणी संस्थेच्या नेहमीच्या पाहणीत निम्म्याहून अधिक ब्रिटिश लोक स्थलांतराचं नाव घेत. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडायचं ठरलं आणि हे प्रमाण घसरत गेलं. २०२० मध्ये ते दहा टक्क्यांच्याही खाली होतं. तोवर लोकांचं येणं थांबलं नव्हतं. ‘आता किल्ल्या आपल्याकडे आहेत’ एवढं वाटणं पुरेसं ठरलं.

मग आकडे आले. येणाऱ्यांतून जाणारे वजा करून काढलेला निव्वळ आकडा २०२३ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या वर गेला. विद्यार्थी, युक्रेन आणि हाँगकाँगमधून आलेले, आणि केअर व्हिसावाले, सगळे यात होते. सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या वर्षात केअरच्या मार्गाने सुमारे १ लाख कामगार आले आणि त्यांच्याबरोबर सुमारे १ लाख २० हजार कुटुंबीय. संख्या कमी करू असं निवडणुकीत सांगणाऱ्या सरकारच्याच काळात हे घडल्याने लोकांना ती फसवणूक वाटली. ही चीड आम्हाला समजू शकते. दवाखाने, शाळा, घरं यांची तयारी न करता एवढी मोठी भर घालणं हा बेफिकीर कारभारच होता.

पण त्याच लोकांना पाहणीत कामवार विचारलं की चित्र बदलतं. एकूण स्थलांतर कमी करा म्हणणाऱ्यांतलेही पुष्कळ जण नर्स किंवा केअर वर्कर कमी यावेत असं म्हणत नाहीत. राग सर्वात जास्त आहे तो इंग्लिश खाडीतून छोट्या होड्यांनी येणाऱ्यांवर. टीव्हीवर रोज त्या होड्याच दिसतात, त्यामुळे एकूण स्थलांतरात आश्रय मागणाऱ्यांचा वाटा लोकांना प्रत्यक्षाच्या कितीतरी पट वाटतो.

सरकारची अडचण अशी की होड्या थांबवायला आंतरराष्ट्रीय करार, न्यायालयं, फ्रान्सचे पोलीस हे सगळं लागतं. व्हिसा थांबवायला नियमातली एक दुरुस्ती पुरते. म्हणून राग होड्यांवर आणि कात्री व्हिसावर, असं झालं. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करांना नवरा, बायको, मुलं आणायला बंदी आली आणि इंग्लंडमध्ये देखभाल सेवांच्या नियामकाकडे नोंदणी असल्याशिवाय मालकाला स्पॉन्सर होता येईना. आरोग्य आणि केअर व्हिसा २०२३ मध्ये सुमारे १ लाख ४६ हजार मुख्य अर्जदारांना मिळाले होते, ते २०२४ मध्ये सुमारे २७ हजारांवर आले. मे २०२५ मध्ये श्वेतपत्रिका निघाली आणि जुलैत परदेशातून केअर वर्कर आणण्याचं दार पूर्ण बंद झालं. जून २०२५ पर्यंतच्या वर्षात निव्वळ आकडा सुमारे २ लाख ४ हजारांपर्यंत उतरला. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात इप्सॉसच्या पाहणीत स्थलांतर पुन्हा पहिल्या क्रमांकाची चिंता होतं, कारण खाडीतल्या होड्या चालूच होत्या.

आता मालकांना माणूस हवा असेल तर तो देशात आधीच असलेल्यांतून शोधायचा. दुसऱ्या व्हिसावर असलेला माणूस त्या मालकाकडे किमान तीन महिने कायदेशीर काम करत असेल तर केअर व्हिसावर येऊ शकतो, पण ही सवलतही २२ जुलै २०२८ पर्यंतच. केअरमधला पगार सामूहिक कराराने ठरवण्याची व्यवस्थाही सरकार २०२८ मध्येच आणू पाहतंय. ती वेळेवर आणि पुरेशा पैशांनिशी आली नाही तर तूट पुन्हा वाढेल. जे आधीच तिथे आहेत त्यांच्यापुढे वेगळीच चिंता उभी आहे: पाच वर्षांनी कायम वास्तव्य मिळेल या हिशोबाने ते गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी ही मुदत पंधरा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

इथल्या कुटुंबांसाठी

दार बंद झालं तरी ‘यूके केअर व्हिसा’ विकणारे एजंट बंद होत नाहीत. कोणी आज भारतातून थेट केअर वर्कर म्हणून पाठवतो म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. पुढे बोलणंच नको. नर्स आणि डॉक्टरांसाठी मार्ग चालू आहे, पण तिथल्या व्यावसायिक परिषदेची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा चुकत नाही. इतर कुशल कामासाठी जुलै २०२५ पासून साधारण पदवीच्या पातळीचं काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. यापेक्षा कमी पगाराचं पत्र कोणी दाखवलं तर कोणत्या सवलतीखाली ते बसतं हे लेखी मागा.

मालकाचं नाव ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का पाहा. यादी सगळ्यांना खुली आहे आणि वरचेवर बदलते, म्हणून पैसे किंवा राजीनामा देण्याच्या दिवशी पुन्हा पाहा. नाव यादीत असणं म्हणजे काम खरं असणं नव्हे, हे वरच्या १,२३४ प्रमाणपत्रांवरून कळलंच आहे. म्हणून कामाचं ठिकाण, आठवड्याचे हमीचे तास आणि प्रवासाच्या वेळेचे पैसे करारात लिहून घ्या. भारतात नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. ‘प्रमाणपत्राचे’ म्हणून कोणी लाखांत पैसे मागितले तर ते शुल्क मालकाने भरायचं असतं हे त्याला सांगा, आणि दिलेली प्रत्येक रक्कम बँकेतूनच द्या. रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा पुढे तिथेही उभा राहत नाही, इथेही नाही.